संपत्तीकराच्या जुन्या विवरणपत्रात ‘एचयूएफ’ लिहिले, म्हणून घर एकत्र कुटुंबाचे ठरते का?

आपण कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. आपल्या पणजोबांचे 1948 मध्ये निधन झाले आणि त्यांची सातारा जिल्ह्यातील बारा एकर शेतजमीन त्यांच्या एकुलत्या एका मुलाकडे, म्हणजे आपल्या आजोबांकडे आली. पणजी त्याआधीच वारल्या होत्या. आजोबांनी 1958 मध्ये स्वतःच्या पगारातून पुण्यात घर बांधले. 1971 मध्ये ते मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्या मागे आजी आणि आपले वडील होते, आणि आपण तिघेही भावंडे तोवर जन्मलेली होतात. आजी 1983 मध्ये गेल्या. वडील 2009 मध्ये वारले आणि त्यांनीही मृत्युपत्र केले नाही. आज आई, आपल्या थोरल्या भगिनी, आपण आणि धाकटे बंधू असे चौघे आहात.

बंधूंचे म्हणणे तीन प्रकारचे आहे. पहिले असे, की 1975 ते 1992 या काळात वडिलांनी पुण्याचे घर संपत्तीकराच्या विवरणपत्रात ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ (एचयूएफ) या नावाखाली दाखवले, म्हणून ते घर एकत्र कुटुंबाचे आहे, आणि भगिनींचा विवाह 1988 मध्ये झाल्यामुळे 1994 च्या कायद्याप्रमाणे त्यांना त्यात हक्क नाही. दुसरे असे, की 1999 मध्ये दोघा भावांत तोंडी वाटणी झाली होती. तिसरे असे, की आता चौघांची नावे लावायला गेल्यास संपत्तीकर किंवा वारसा कर भरावा लागेल.

माझे मत आधी सांगतो आणि मग कारणे देतो. पुण्याचे घर एकत्र कुटुंबाचे नव्हते. ते वडिलांचे स्वतंत्र होते. जमिनीचा काही भाग एकत्र कुटुंबाचा होता, काही नव्हता. परंतु आपल्या घरातील व्यक्तींची संख्या आणि नाती पाहता, बंधूंचा ‘एकत्र कुटुंब’ हा मुद्दा पूर्णपणे मान्य केला तरीही चौघांचा वाटा प्रत्येकी एक चतुर्थांशच निघतो. आणि आज भारतात संपत्तीकरही नाही, वारसा करही नाही.

कराची भीती आधी दूर करू, कारण तिच्यामुळेच अनेक कुटुंबांत वारसनोंदी वर्षानुवर्षे खोळंबतात. मृत व्यक्तीच्या मालमत्तेवर कर घेणारा इस्टेट ड्युटी कायदा 1953 चा होता आणि 16 मार्च 1985 किंवा त्यानंतर झालेल्या मृत्यूंना तो लागू राहिला नाही. देणगीवर देणाऱ्याकडून घेतला जाणारा गिफ्ट टॅक्स 1 ऑक्टोबर 1998 पासून गेला. संपत्तीकराचा कायदा 1957 चा. शेवटच्या काळात तीस लाख रुपयांवरील निव्वळ संपत्तीवर एक टक्का असा त्याचा दर होता, आणि 2015 च्या अर्थसंकल्पात तो रद्द करून त्याऐवजी एक कोटीपेक्षा जास्त उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावण्यात आला. त्या वेळी अर्थमंत्र्यांनी सांगितलेला आकडा बोलका आहे: 2013-14 मध्ये संपूर्ण देशातून संपत्तीकराची वसुली केवळ 1,008 कोटी रुपये होती. 2015-16 हे त्या कराचे शेवटचे कर निर्धारण वर्ष. 2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात वारसा कराची बरीच चर्चा झाली, तिच्यामुळे असा कर आला आहे किंवा येऊ घातला आहे असा समज पसरला. परंतु तसा कोणताही कायदा झालेला नाही. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेली मालमत्ता ही आयकराच्या दृष्टीनेही वारसाचे उत्पन्न मानली जात नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. विवरणपत्रातील ‘एचयूएफ’ या नोंदीचे वजन किती, हे समजण्यासाठी ती नोंद त्या काळी का केली जात असे हे पाहावे लागते. संपत्तीकर कायद्यात हिंदू अविभक्त कुटुंब हा व्यक्तीपेक्षा वेगळा करदाता होता. कुटुंबावर असा कर लावता येतो का, हा प्रश्नच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि 1965 मध्ये बनारसी दास यांच्या प्रकरणात न्यायालयाने तो अधिकार संसदेला आहे असे ठरवले. कुटुंबाला वेगळी करमुक्त मर्यादा मिळे आणि सदस्याचा कुटुंबाच्या मालमत्तेतील हिस्सा त्याच्या वैयक्तिक संपत्तीत धरला जात नसे. त्यामुळे एकच घर व्यक्तीऐवजी कुटुंबाच्या नावाने दाखवल्यास कर कमी होण्याची शक्यता असे. पुढे सदस्याची स्वतःची संपत्ती करपात्र असेल तर कुटुंबाला जास्त दर लावून सरकारने हा लाभ बराच आवळला, तरी सवय राहिलीच.

परंतु केवळ कर वाचवणे हे कारण नव्हते. त्या काळी कायद्याच्या जाणकारांतही खरा मतभेद होता. मिताक्षरा या पारंपरिक हिंदू कायद्याच्या जुन्या नियमाप्रमाणे मुलाला बापाकडून वारशाने मिळालेली मालमत्ता ही त्या मुलाच्या मुलांच्या दृष्टीने वडिलोपार्जित होते आणि नातवाला तिच्यात जन्मतः हक्क मिळतो. 17 जून 1956 रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम 8 मध्ये मृत पुरुषाचे वारस नेमके सांगितले गेले: मुलगा, मुलगी, विधवा, आई आणि आधी वारलेल्या अपत्यांची मुले इत्यादी. ज्याचा बाप हयात आहे असा नातू त्या यादीत नाही. मग 1956 नंतर मुलाला कलम 8 खाली मिळालेल्या मालमत्तेत नातवाचा जन्मसिद्ध हक्क निर्माण होतो की नाही? अलाहाबाद, मद्रास, मध्य प्रदेश आणि आंध्र प्रदेश उच्च न्यायालयांनी नाही म्हटले. गुजरात उच्च न्यायालयाने होय म्हटले.

या वादाचा निकाल लागला तो कुटुंबातल्या वाटणीच्या दाव्यात नव्हे, तर संपत्तीकराच्याच एका प्रकरणात. रंगी लाल आणि त्यांचा मुलगा चंदर सेन यांचे एकत्र कुटुंब होते. 1961 मध्ये त्यांनी कुटुंबाच्या व्यवसायाची अंशतः वाटणी करून तो भागीदारीत चालवला. 1965 मध्ये रंगी लाल वारले तेव्हा भागीदारीच्या वह्यांत त्यांच्या नावे सुमारे 1 लाख 85 हजार रुपये जमा होते. करखात्याचे म्हणणे असे, की ही रक्कम चंदर सेन आणि त्यांची मुले यांच्या कुटुंबाची आहे. चंदर सेन यांचे म्हणणे असे, की ती माझी वैयक्तिक आहे. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदर सेन यांचे म्हणणे मान्य केले. कलम 8 ने नातवाला जाणीवपूर्वक बाहेर ठेवले असताना मागील दाराने त्याला हक्क देणे म्हणजे कायद्याच्या विरुद्ध जाणे होय, असा त्याचा आशय आहे. पुढच्याच वर्षी युधिष्ठिर विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा सांगितले गेले आणि 2016 च्या उत्तम विरुद्ध सौभाग सिंग या निकालानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. मालमत्तेच्या दाव्यांत आजही ज्याच्याशिवाय युक्तिवाद पुढे जात नाही, तो निर्णय मुळात करदात्याच्या दर्जाविषयीचा होता. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण बंधू ज्या संपत्तीकराच्या कागदांचा आधार घेत आहेत, त्याच कराच्या इतिहासातून त्यांच्या मुद्द्याचे उत्तर आलेले आहे.

हे तत्त्व आपल्या पुण्याच्या घराला लावून पाहा. घर आजोबांचे स्वकष्टार्जित. 1971 मध्ये ते कलम 8 प्रमाणे आजी आणि वडील यांच्याकडे निम्मे निम्मे आले. आजींचा वाटा 1983 मध्ये कलम 15 प्रमाणे वडिलांकडे आला. म्हणजे 1983 नंतर संपूर्ण घर वडिलांचे एकट्याचे होते आणि त्यांच्या हयातीत आपणा तिघांपैकी कोणाचाही त्यात जन्मसिद्ध हक्क नव्हता. एक बारीक गोष्ट येथेच नोंदवतो: 1975 ते 1983 या काळात घराचा निम्मा भाग आजींच्या मालकीचा होता. तेवढ्या काळात वडिलांनी ते संपूर्ण घर कुटुंबाचे म्हणून दाखवले असेल, तर त्या विवरणपत्रांना मालकीचा पुरावा मानणे किती चुकीचे आहे हे त्यावरूनच दिसते. स्वतःच्या मालकीचा नसलेला निम्मा भाग कोणी विवरणपत्र भरून कुटुंबाला देऊ शकत नाही.

यावर बंधूंचे वकील एक वजनदार उत्तर देतील आणि त्याची तयारी आपण आतापासून ठेवावी. ते म्हणतील, की घर मुळात वडिलांचे स्वतंत्र असले तरी त्यांनी ते स्वेच्छेने कुटुंबाच्या सामाईक मालमत्तेत मिसळले आणि विवरणपत्रे हा त्या मिसळण्याचा पुरावा आहे. असे मिसळता येते, हे खरे आहे. त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागत नाही. मालकाने स्वतंत्र हक्क सोडून देण्याचा निश्चित इरादा प्रकट केला की पुरे. परंतु हा इरादा स्पष्ट आणि निःसंदिग्ध असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1963 च्या लक्किरेड्डी प्रकरणापासून सातत्याने सांगितले आहे. मालकाने कुटुंबीयांना घरात राहू दिले, उत्पन्न सर्वांवर खर्च केले, औदार्य दाखवले, यांवरून तो इरादा गृहीत धरला जात नाही. करखात्यापुढील विवरणपत्र हे एक कबुलीवजा विधान म्हणून पुराव्यात येऊ शकते, पण ते निर्णायक नसते आणि त्याचे स्पष्टीकरण देता येते. वडिलांनी 1986 पूर्वी ‘एचयूएफ’ लिहिले ते कायद्याविषयीच्या तेव्हाच्या समजुतीने लिहिले, स्वतःची मालकी सोडण्यासाठी नव्हे, हे ते स्पष्टीकरण होय.

आणि याहून मजबूत आधार संपत्तीकराच्याच कायद्यात आहे. स्वतंत्र मालमत्ता कुटुंबात मिसळून कर वाटून घेण्याची पद्धत वाढल्यावर संसदेने तिच्यावर बंधन घातले. 31 डिसेंबर 1969 नंतर एखाद्याने आपली मालमत्ता कुटुंबात मिसळली, तर संपत्तीकर कायद्याच्या कलम 4(1ए) प्रमाणे ती त्याच्याच वैयक्तिक संपत्तीत धरली जाई आणि आयकर कायद्याच्या कलम 64(2) प्रमाणे तिचे उत्पन्नही त्याच्याच उत्पन्नात मिळवले जाई. वडिलांनी 1971 नंतर खरोखरच घर कुटुंबात मिसळले असते, तर कायद्याप्रमाणे ते त्यांच्या वैयक्तिक विवरणपत्रात ‘रूपांतरित मालमत्ता’ म्हणून दिसायला हवे होते. तसे दिसत नसेल, तर त्यांनी आणि त्यांच्या सल्लागाराने कधीच ‘आम्ही घर मिसळले’ अशी भूमिका घेतली नव्हती, हाच निष्कर्ष निघतो. म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी, की केवळ एचयूएफची नव्हे, तर त्याच वर्षांची वडिलांची वैयक्तिक विवरणपत्रे आणि कर निर्धारणाचे आदेश शोधावेत. आजोबांच्या मृत्यूनंतर इस्टेट ड्युटीचा हिशेब सादर झाला असेल, तर तेही कागद मोलाचे आहेत; 1971 मध्ये आजोबांच्या कोणत्या मालमत्तेत किती हिस्सा मानला गेला होता, हे त्यांतून कळते.

जमिनीचे गणित वेगळे आहे. ती आजोबांना 1948 मध्ये, म्हणजे 1956 च्या कायद्यापूर्वी, वारशाने मिळाली. अशी जमीन जुन्या नियमाप्रमाणे वडिलोपार्जितच राहते. 2019 च्या अर्शनूर सिंग निकालातही सर्वोच्च न्यायालयाने 1956 पूर्वीच्या वारशाबाबत हेच म्हटले आहे. आजोबा 1971 मध्ये वारले तेव्हा मागे त्यांची विधवा होती, म्हणून हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या तत्कालीन कलम 6 प्रमाणे मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटणी झाली असती तर काय झाले असते, हे कल्पून त्यांचा वाटा काढावा लागतो. येथे महाराष्ट्रातील लोकांनी एक नियम विसरू नये: हिंदू कायद्याच्या मुंबई परंपरेत बाप आणि मुलगे यांच्यात वाटणी झाली, तर बापाच्या पत्नीलाही मुलाइतका वाटा मिळतो. 1978 च्या गुरुपाद मगदूम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कल्पित वाटणी शेवटपर्यंत नेऊन विधवेला दोन्ही वाटे दिले, वाटणीतला एक चतुर्थांश आणि पतीच्या वाट्यातून आलेला, एकूण मालमत्तेचा एक चोविसांश.

त्याच रीतीने 1971 मध्ये आपल्या जमिनीचे तीन भाग पडतात: आजोबा एक तृतीयांश, आजी एक तृतीयांश आणि वडिलांची शाखा एक तृतीयांश. आजोबांचा तृतीयांश आजी आणि वडील यांच्यात निम्मा झाला. आजींचा वाटा त्यामुळे अर्धा झाला आणि 1983 मध्ये तो वडिलांकडे वैयक्तिक वारसाहक्काने आला. हिशेब असा, की दोन तृतीयांश जमीन वडिलांची स्वतंत्र आणि केवळ एक तृतीयांश जमीन वडील व त्यांच्या अपत्यांची सामाईक. 2009 मध्ये त्या सामाईक तृतीयांशाचे पाच वाटे पडतात, म्हणजे वडील, आई आणि तिघे भावंडे यांना प्रत्येकी एक पंधरांश. वडिलांचा एक पंधरांश चौघा वारसांना, म्हणजे प्रत्येकी एक साठांश. स्वतंत्र दोन तृतीयांशातून प्रत्येकी एक षष्ठांश. तिन्ही मिळवा: साठांशांत चार, एक आणि दहा, एकूण पंधरा. प्रत्येकाचा वाटा एक चतुर्थांश, म्हणजे बारा एकरांतील तीन एकर.

आता बंधूंचे म्हणणे पूर्ण मान्य करून, घर आणि जमीन सर्वच सामाईक होते असे धरून पाहा. पाच वाटे पडतात, वडिलांचा पाचवा वाटा चौघांत जातो, आणि प्रत्येकाचा हिस्सा एक पंचमांश अधिक एक विसांश, म्हणजे पुन्हा एक चतुर्थांश. बंधूंना मिळणारा हिस्सा वाढतो तो एकाच स्थितीत: भगिनींना सहदायाद, म्हणजे जन्मतः हक्क असलेला हिस्सेदार, मानलेच नाही तर. तसे झाल्यास वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे पडून भगिनींना वडिलांच्या वाट्यातून फक्त एक सोळांश मिळाला असता. बारा एकरांत तीस गुंठे. वादाचे खरे मर्म तीन एकर की तीस गुंठे, या फरकात आहे.

आणि त्याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना सहदायाद केले, परंतु त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. बंधू जो अपवाद सांगतात तो हाच. केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली आणि तिच्यात विवाहाची कोणतीही अट नाही. आपले वडील 2009 मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या वारशाला 2005 चाच कायदा लागतो. 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालाने तर मुलीचा हक्क जन्माने येतो आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याचीही गरज नाही, असे ठरवले. 1988 च्या विवाहामुळे भगिनींच्या हक्काला काडीचीही बाधा येत नाही. लग्नात खर्च केला, दागिने दिले, ही कारणे घराघरांत सांगितली जातात. वाटा नाकारायला ती कायद्यात उपयोगी पडत नाहीत, आणि ती सांगितली जाऊ नयेत असेही मला मनापासून वाटते.

1999 च्या तोंडी वाटणीचा मुद्दा याच निकालात संपतो. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या वाटण्या 2005 च्या दुरुस्तीने अबाधित ठेवल्या, परंतु त्यासाठी वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली असावी लागते. तोंडी वाटणी अपवादानेच, तीही सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच, मानली जाईल असे न्यायालयाने स्पष्ट केले आहे. शिवाय 1999 मध्ये वडील हयात होते आणि घर त्यांचे एकट्याचे होते. त्यांच्या घराची वाटणी त्यांची मुले आपसांत करूच शकत नव्हती. सातबाऱ्यावर 1999 नंतर दोघा भावांची नावे लागली असतील, तर तीही पाहावीत, पण फेरफार नोंद ही महसुलासाठी असते, तिने मालकी निर्माण होत नाही आणि जातही नाही.

मग ‘एकत्र कुटुंब की स्वतंत्र’ या प्रश्नाला काहीच अर्थ उरत नाही का? उरतो, पण इतर ठिकाणी. वडिलांनी मृत्युपत्र केले असते, तर स्वतंत्र घर त्यांना पूर्णपणे देता आले असते, सामाईक मालमत्तेत मात्र फक्त स्वतःच्या वाट्यापुरते. विक्रीच्या बाबतीतही फरक आहे: एकत्र कुटुंबाचा कर्ता कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी संपूर्ण मालमत्ता विकू शकतो, तर सहमालक फक्त आपला हिस्सा विकू शकतो. बंधू स्वतःला कर्ता म्हणवतात असे आपण लिहिले आहे. सामाईक तृतीयांशापुरता तो प्रश्न आला तरी ज्येष्ठ सदस्य भगिनी आहेत, आणि ज्येष्ठ मुलगीही कर्ता होऊ शकते असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2015 मध्ये म्हटले आहे. पुढच्या पिढीसाठीही एक फरक राहतो: जमिनीतील आपल्या तीन एकरांपैकी सामाईक भागातून थेट आलेल्या हिश्श्यात, म्हणजे साठांशांतील चारांत, आपल्या मुलांचा जन्मतः हक्क आहे, उरलेल्या अकरांत नाही.

करापुरते बोलायचे तर बंधू 2009 पासून घरभाड्याचे विवरणपत्र ‘एचयूएफ’च्या पॅनवर भरत आहेत, ते थांबवले पाहिजे. चौघे निश्चित हिश्श्यांचे सहमालक आहेत, म्हणून भाडे प्रत्येकाच्या उत्पन्नात एक चतुर्थांश दाखवावे. जमिनीच्या सामाईक भागाची वाटणी कराल तेव्हा ती पूर्ण करा; 31 डिसेंबर 1978 नंतरची अंशतः वाटणी आयकर कायदा मानत नाही, आणि कुटुंबाची पूर्वी करआकारणी झाली असेल तर वाटणीचा दावा अधिकाऱ्यापुढे मांडून आदेश घ्यावा लागतो. हा नियम 1961 च्या कायद्याच्या कलम 171 मध्ये आहे. 2025 च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेवढे सल्लागाराकडून जुळवून घ्यावे. वाटणीवर भांडवली नफ्याचा कर नाही.

तो येतो विक्रीच्या वेळी, आणि प्रत्येकाला आपापल्या हिश्श्यावर. घराची मूळ किंमत आजोबांची धरली जाते, आणि ते 2001 पूर्वीचे असल्याने 1 एप्रिल 2001 चे बाजारमूल्य घेता येते. मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांकमूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला साडेबारा टक्के दर आहे. त्याआधी मिळालेल्या जमीन वा इमारतीसाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह वीस टक्क्यांचा हिशेब करून कमी कर निवडता येतो. निर्देशांक कोणत्या वर्षापासून मोजायचा यावर खात्याशी वाद होतो, परंतु मुंबई उच्च न्यायालयाने 2011 च्या मंजुळा शाह निकालात आधीच्या मालकाच्या वर्षापासून मोजण्याचा अर्थ मान्य केला आहे.

क्रम असा ठेवावा: आधी सातबारा आणि मिळकत पत्रिकेवर चौघांची वारसनोंद, नंतर सहमतीने नोंदणीकृत वाटणीपत्र. घराच्या वाटणीपत्रावर मुद्रांक शुल्क सर्वांत मोठा वाटा वगळून उरलेल्या वाट्यांवर बसते. जमिनीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांमार्फत वाटप करून घेता येते. तुकडेबंदीचे प्रमाणक्षेत्र, म्हणजे शेतजमिनीच्या तुकड्याची कायद्याने ठरवलेली किमान मर्यादा, पाहावे, तीन एकरांना अडचण येऊ नये. भगिनींना आपला हिस्सा विकायचा असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 22 प्रमाणे तो घेण्याचा पहिला हक्क इतर वारसांना आहे. आणि बंधूंनी भगिनींचा हक्क लेखी किंवा उघडपणे नाकारला असेल, तर ती तारीख लिहून ठेवा: एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून वगळल्याचे कळल्यापासून हिस्सा मागण्याची मुदत बारा वर्षांची आहे.

आईंच्या वाट्याविषयी आपण विचारले नाही, पण ते सांगणे आवश्यक आहे. त्यांना मिळणारा एक चतुर्थांश हिस्सा, घरातला आणि जमिनीतलाही, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 प्रमाणे त्यांच्या पूर्ण मालकीचा आहे. मुलांच्या सोयीसाठी दिलेला तो सांभाळ नव्हे. हक्कसोडपत्रावर त्यांची सही घेण्याची घाई बंधू करत असतील, तर त्यांना आधी स्वतंत्रपणे वकिलाशी बोलू द्यावे, आणि सही करायची की मृत्युपत्र करायचे, हे त्यांनी स्वतः ठरवावे. त्यांनी काहीच केले नाही, तर त्यांच्या पश्चात तो हिस्सा तिन्ही अपत्यांना सारखा जाईल.